धूर कुठे वळतो ते बघा

कॅनडात, ऑन्टारिओतल्या किचनरच्या आमच्या घरात देवघर मागच्या खोलीत आहे. 2021 च्या नोव्हेंबरात सासूबाई आणि सासरे सांगलीहून आले, तेव्हा तीच खोली आम्ही त्यांना दिली. आई रोज सकाळी देवापुढे उदबत्ती लावायच्या. चारेक दिवस झाले असतील, त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "अगं, त्या खोलीची खिडकी कुठे उघडी राहिलीय का बघ. धूर वर जायच्या आधीच आडवा होतोय." मी जाऊन बघितलं. खिडकी घट्ट बंद होती, पडदासुद्धा हलत नव्हता. धूर मात्र वीतभर वर चढला की भिंतीपासून दूर, खोलीच्या आत वळत होता. भिंतीतल्या प्लगपाशी मी हात धरला. प्लगच्या भोकांतून बोटांना गार वारा लागत होता.

बाबा एमएसईबीतून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्यांची नोकरीतली सवय अजून तशीच आहे. त्यांनी एक थर्मामीटर मागून घेतला आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे टिपले. हॉलमध्ये 21 अंश, मागच्या खोलीत 16, पहाटे कधी 15. आई दोन स्वेटर घालून वर शाल गुंडाळून झोपायच्या आणि मला वाईट वाटू नये म्हणून "मला नाही गं एवढी थंडी वाजत" म्हणायच्या. इतक्या लांबून आलेल्या माणसांना आपण आपल्याच घरात गारठवतोय, हे मला सहन होत नव्हतं. मी घर तापवणाऱ्या गॅसच्या फर्नेसचा आकडा 23 वर नेला. हॉल भट्टीसारखा तापला, खोली 17 च्या पुढे सरकली नाही, आणि डिसेंबरचं गॅसचं बिल बघून नवऱ्याने तो परत खाली आणला.

आमचं घर 1968 सालचं. विटांचं, एकमजली, खाली बेसमेंट, वर उतरत्या छपराखाली अ‍ॅटिक. थंडी येते म्हणजे खिडक्यांतूनच येते, असा आमचा सगळ्यांचा ठाम समज होता. म्हणून खिडक्या बसवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने 11 खिडक्यांचे साडेचौदा हजार डॉलर सांगितले आणि या आठवड्यात सही केलीत तर दहा टक्के सूट, असंही म्हणाला. आम्ही सही करणारच होतो. त्याच शनिवारी इथल्या एका मराठी मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो, तिथे मी सहज विषय काढला. तिचा पहिला प्रश्न, "ऑडिट झालं का?" आणि मी नाही म्हटल्यावर तिने हातातली पोळी ताटात ठेवली. "आधी काम करून मग ऑडिट केलंस तर सरकारकडून एक डॉलरही मिळणार नाही. थांब."

योजना होती 'कॅनडा ग्रीनर होम्स ग्रँट', केंद्र सरकारची, 27 मे 2021 ला सुरू झालेली. घर तुमच्या मालकीचं आणि तुम्ही त्यात राहत असायला हवं. कामाला हात लावण्याआधी सरकारकडे नोंदलेल्या एनर्जी अ‍ॅडव्हायझरकडून 'एनरगाइड' तपासणी, म्हणजेच मैत्रीण म्हणाली ते ऑडिट, करून घ्यायची. अहवालात सुचवलेल्यांपैकी निदान एक काम करायचं, मग तोच अ‍ॅडव्हायझर पुन्हा येऊन मोजणार, आणि त्यानंतर पैसे. कामांसाठी जास्तीत जास्त 5,000 डॉलर, शिवाय दोन्ही तपासण्यांच्या खर्चापोटी 600 डॉलरपर्यंत वेगळे. यादी वाचताना मला पहिला धक्का खिडक्यांनीच दिला. एका खिडकीमागे 125 डॉलर, अगदी वरच्या दर्जाची असली तर 250. म्हणजे साडेचौदा हजारांच्या कामावर फार तर 2,750. त्या उलट, अ‍ॅटिकमध्ये आर-12 किंवा त्याहून कमी इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, असेल आणि ते आर-50 पर्यंत नेलं, तर 1,800 पर्यंत. आर हा आकडा उष्णतेला अडवण्याची ताकद सांगतो. जितका मोठा, तितकं पांघरूण जाड. सरकार कुठल्या कामाला किती पैसे देतं यावरून कुठलं काम खरं उपयोगाचं, याचा अंदाज येतो. मला तो तेव्हा आला नव्हता.

डिसेंबरात नोंदणी केली. अ‍ॅडव्हायझरची तारीख मिळाली ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. सगळीकडे रांगा होत्या. उशीर झाला, पण हे ऑडिट ऐन थंडीतच करून घ्यावं असं मी आता सगळ्यांना सांगते. बाहेर उणे 14 असताना घर काहीच लपवू शकत नाही.

अ‍ॅडव्हायझर म्हणून आलेल्या बाई पन्नाशीच्या होत्या. अंगात जाड डांगरी, डोक्याला दिवा. आदल्या दिवशी त्यांच्या ऑफिसने सूचना पाठवल्या होत्या: शेकोटीतली राख काढून ठेवा, अ‍ॅटिकच्या झाकणाखालचं कपाट रिकामं करा, सगळ्या खिडक्या लावून घ्या. बाई पहिल्यांदा शिडी लावून अ‍ॅटिकमध्येच गेल्या. मला वाटलं, पंख्याची चाचणी आधी असते. त्यांनी कारण सांगितलं. 1990 च्या आधीच्या घरांमध्ये कधीकधी माळ्यावर व्हर्मिक्युलाइट नावाचे चमकदार खडे पसरलेले असतात, आणि त्यातल्या काहींमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं असतं. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात लिबी इथल्या खाणीतून निघालेला तो माल वर्षानुवर्षं कॅनडातल्या घरांत भरला गेला. तो असेल तर घरातली हवा खेचणारी चाचणी करायची नाही, कारण ती धूळ खाली खोल्यांत ओढली जाईल. बाई वरून "नाही, काचेची लोकर आहे" म्हणाल्या तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. लेक तेव्हा चार वर्षांची होती.

मग त्यांनी फोनवर काढलेले फोटो दाखवले. तो क्षण मी विसरणार नाही. अ‍ॅटिकभर इन्सुलेशन म्हणून काचेची लोकर होती, दबून दबून साडेतीन-चार इंच राहिलेली. पण मागच्या खोलीच्या वर साधारण सहा बाय चार फुटांचा पट्टा सताड उघडा होता. लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये नुसता छताचा बोर्ड. कधीतरी कुणीतरी बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बसवायला वर चढलं होतं, वायर ओढायला लोकर बाजूला सारली होती आणि जाताना ती परत पसरली नव्हती. आईंचं अंथरूण बरोबर त्या पट्ट्याखाली होतं. त्या फॅनची नळीही छपराबाहेर काढलेली नव्हती, अ‍ॅटिकमध्येच सोडून दिली होती. आमच्या अंघोळींची सगळी वाफ तिथे जाऊन खिळ्यांवर बर्फ होऊन बसली होती. छपराच्या प्लायवूडवर काळे डाग पडले होते. खिडकीच्या माणसाला साडेचौदा हजार दिले असते तरी यातलं काहीच सुटलं नसतं.

नंतर पंखा. पुढच्या दाराच्या चौकटीत त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची चौकट बसवली, तिला लाल कापड, कापडात गोल पंखा. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने कमी होतो. ताशी तीसेक किलोमीटरचा वारा एकाच वेळी घराच्या सगळ्या बाजूंनी आदळतोय, असं समजा. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. बाईंनी धूर सोडणारी बारीक नळी काढली. आईंनी ती बघितली, आत गेल्या आणि उदबत्ती पेटवून घेऊन आल्या. "हिने दिसेल ना?" बाईंना विचारायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्याहून चांगलं दिसेल."

पुढचा अर्धा तास आई पुढे उदबत्ती घेऊन, त्यांच्यामागे बाबा वही घेऊन, आणि मी मागे दुभाष्यासारखी, अशी आमची घराला प्रदक्षिणा चालली होती. अ‍ॅटिकच्या झाकणाच्या चारी कडा. बाहेरच्या भिंतींतले सगळे प्लग. छतातल्या दिव्यांच्या कडा. शेकोटीची झडप, जी बंद दिसत होती पण बसत नव्हती. सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथलं मूठभर भोक. आणि सगळ्यात जास्त, बेसमेंटमध्ये, जिथे काँक्रीटची भिंत संपते आणि तिच्यावर घराचं लाकडी अंग बसतं त्या सांध्यात. तिथे धूर नुसता वळला नाही, उदबत्तीचं टोकच लालभडक पेटलं. खिडक्यांपाशी? दोन खिडक्यांचे रबर झिजले होते, तेवढंच.

बाईंनी लॅपटॉपवर आकडा दाखवला. त्या दाबाला आमच्या घरातली सगळी हवा तासाला 7.8 वेळा बदलत होती. त्यांनी तो समजेल असा करून सांगितला: "या सगळ्या फटी एकत्र केल्या तर सव्वा फूट लांब, सव्वा फूट रुंद भोक होईल. वर्षभर, रात्रंदिवस उघडं." बाबांनी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. उदबत्ती आधीच वळत होती त्याचं कारणही तेव्हा कळलं. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि अ‍ॅटिकच्या फटींतून निघून जाते. तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून गार हवा आत येते. घर म्हणजे एक धुराडंच झालेलं असतं. म्हणून वर झाकलं की खालचा वाराही कमी होतो.

दहा दिवसांनी अहवाल आला. एनरगाइडचा आकडा वर्षाला किती गिगाज्यूल ऊर्जा लागते ते सांगतो, जितका कमी तितकं घर चांगलं. आमचा 138. बाबांनी लगेच युनिटमध्ये करून पाहिला. एक गिगाज्यूल म्हणजे 278 युनिट, त्यामुळे अडतीस हजारांच्या वर युनिट. सांगलीच्या घराला महिन्याला दोनशे लागतात. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

अहवालात कामं क्रमाने लावलेली होती आणि प्रत्येकासमोर किती बचत ते होतं. अ‍ॅटिक आणि फटी बुजवणं सगळ्यात वर. खिडक्या जवळजवळ तळाशी. मध्ये हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेवरचं यंत्र. इथे माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. थंड हवामानासाठी प्रमाणित, सगळ्या घराला पुरणारा हीट पंप बसवला तर एकट्या त्याचेच 5,000 मिळत होते, म्हणजे मर्यादा तिथेच संपत होती. मग अ‍ॅटिकवर आपले पैसे कशाला घाला? हीट पंप घेऊन मोकळं व्हावं. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज हीट पंप घेतलात तर तीन टनांचा लागेल. आधी वरचं झाकण नीट करा, मग दोन टनांचा पुरेल. गळक्या टाकीला मोठी मोटर लावू नका." शेवटचं वाक्य त्यांनी त्यांच्या भाषेत वेगळं म्हटलं होतं, मी बाबांना सांगताना ते असं सांगितलं, आणि बाबा म्हणाले, "बाई बरोबर आहे. ऐक तिचं."

मे महिन्यात अ‍ॅटिकचं काम केलं. त्याच्या आधी दोन शनिवार आम्ही दोघं झाकणातून वर चढून दिव्यांच्या, वायरींच्या, पाइपांच्या भोवतीची भोकं फोमने आणि सीलंटने बुजवत होतो. मास्क, हातमोजे, गुडघ्यांखाली फळी. हे काम इन्सुलेशनच्या आधीच व्हायला हवं. वर दीड फुटाचा थर पसरला की ती भोकं पुन्हा कधी दिसत नाहीत. बाथरूमच्या फॅनची नळी छपराबाहेर काढून घेतली. मग कंत्राटदाराने पाइपने सेल्युलोज फुंकलं, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, आग लागू नये म्हणून बोरेट मिसळलेला. जवळजवळ सतरा इंच, आर-60.

संध्याकाळी बाबांनी मला टॉर्च घेऊन वर पाठवलं. छपराच्या कडेला, पन्हळीच्या बाजूने, बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात. त्या मोकळ्या राहाव्यात म्हणून भुग्याच्या आधी तिथे प्रत्येक दोन वाशांमध्ये एकेक खोबणीचा पत्रा ठोकायचा असतो. पुढच्या बाजूला सगळे होते. मागच्या बाजूला, पुन्हा त्याच खोलीच्या वर, सात ठिकाणी नव्हतेच, आणि जाळ्या भुग्याने गच्च झाल्या होत्या. तसंच राहिलं असतं तर अ‍ॅटिकमधली दमट हवा बाहेर गेली नसती आणि प्लायवूड कुजलं असतं. कंत्राटदाराला फोटो पाठवले, त्याची माणसं चार दिवसांनी येऊन भुगा उपसून ते ठोकून गेली. काम झालं की त्याच दिवशी वर चढून बघायचंच. पैसे त्यानंतर द्यायचे.

बेसमेंटच्या सांध्यात फोम मारून घेतला. बाहेरच्या भिंतींतल्या प्रत्येक प्लगच्या झाकणाखाली फोमची पातळ पट्टी बसवली. दहाच्या पाकिटाला काही डॉलर पडतात आणि स्क्रूड्रायव्हरशिवाय काही लागत नाही. मेन स्विच तेवढा आधी बंद करायचा. दोन खिडक्यांचे रबर बदलले. अ‍ॅटिक आणि फटी मिळून एकूण 3,900 डॉलर खर्च झाला.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम लिहिते, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात मला ठळक दिसली नाही. आमचा पाण्याचा हीटर गॅसचा, जुन्या पद्धतीचा. त्याचा धूर धुराड्यातून आपोआप वर जातो. आमच्या शेगडीवरचा एक्झॉस्ट जोरकस आहे, फोडणीसाठी मुद्दाम घेतलेला. घर गळकं होतं तोवर एक्झॉस्टला लागणारी हवा फटींतून मिळत होती. फटी बुजवल्यावर तो हवा कुठून खेचणार? हीटरच्या धुराड्यातून, उलटी. म्हणजे जळलेल्या गॅसचा धूर घरात, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड. ऑडिटच्याच दिवशी बाईंनी सगळे पंखे एकदम चालू करून हीटरपाशी धूर धरून दाखवला होता. तेव्हाच तो डळमळत होता. त्यांनी बजावलं की काम झाल्यावर हीटर बदलेपर्यंत एक्झॉस्ट चालवताना खिडकी बोटभर उघडी ठेवायची. आम्ही कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म नवे घेतले आणि त्याच उन्हाळ्यात स्वतःचा पंखा असलेला, धूर जोराने बाहेर ढकलणारा हीटर लावून घेतला. हवा खेळती राहावी म्हणून एचआरव्हीही बसवला. तो आतली शिळी हवा बाहेर टाकताना तिची उष्णता येणाऱ्या ताज्या हवेला देतो. तळणीचा वास आता रात्रभर घरात राहत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. घर घट्ट करायला निघालात तर हा प्रश्न तुमच्या अ‍ॅडव्हायझरला पहिल्या दिवशी विचारा.

जून 2022 मध्ये सरकारने बिनव्याजी कर्जाची जोड दिली: 5,000 ते 40,000 डॉलर, दहा वर्षांत फेडायचं. हीट पंपाचं कोटेशन 15,200 चं होतं. आम्ही 9,600 चं कर्ज मागितलं, महिन्याला 80 डॉलरचा हप्ता. यात एक मेख होती. सुरुवातीला कर्जाच्या 15 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळायची, बाकी सगळी काम होऊन दुसरी तपासणी पार पडल्यावर. कंत्राटदार तोवर थांबत नाही. आम्ही मधले काही आठवडे बँकेची लाइन ऑफ क्रेडिट वापरली. ज्याच्याकडे ती सोय नव्हती त्याला ही योजना कागदावरच राहायची, आणि ते मला आजही पटलेलं नाही. थंडीने सर्वांत जास्त कुडकुडणारी घरं तीच असतात.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून आत आणतो. उणे 10 ला हवेत कसली आलीय उष्णता, असं आईंनी विचारलं होतं. असते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातूनही फ्रीज उष्णता काढतच असतो, म्हणून तर त्याची पाठ गरम लागते. एक युनिट वीज घातली की हवामानाप्रमाणे दोन-तीन युनिट उष्णता मिळते. अगदी कडाक्याच्या रात्रींसाठी जुनी गॅस फर्नेस आम्ही जोडीला ठेवली. उणे 15 च्या खाली ती आपोआप सुरू होते. उन्हाळ्यात तोच पंप एसीचं काम करतो.

ऑक्टोबरात बसवायला आले त्या दिवशी बाबांनी आमची मोठी चूक होता होता वाचवली. बाहेरचं युनिट आणि फर्नेसवरची आतली कॉइल या जोडीला मिळून एक एएचआरआय क्रमांक असतो आणि सरकारच्या यादीत ती जोडीच बघतात. बाबा खोक्यांवरचे नंबर कोटेशनशी ताडून बघत होते. कॉइलचं शेवटचं अक्षर वेगळं निघालं. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, गोदामात तीच शिल्लक होती, काही फरक पडत नाही. मी यादी उघडली. ती जोडी यादीत नव्हती. तशीच बसवली असती तर 5,000 गेले असते आणि कर्जही अडकलं असतं. काम थांबवलं, बरोबर कॉइल सहा दिवसांनी आली. ते सहा दिवस आम्ही फर्नेसवर काढले.

नोव्हेंबरात बाई दुसऱ्यांदा आल्या. पुन्हा लाल कापड, पुन्हा पंखा. 7.8 चा आकडा 5.4 वर आला होता. एनरगाइड 138 वरून 88. त्यांनी सगळ्या बिलांवर इन्सुलेशनचा आर, यंत्रांचे मॉडेल नंबर आहेत ना ते पाहिलं आणि लेबल दिलं. ते आम्ही बेसमेंटमध्ये मेन स्विचच्या बोर्डाशेजारी चिकटवलंय. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला 5,600 डॉलरचा चेक आला. मागची खोली त्या जानेवारीत 20 अंशांवर होती. आईंनी एक स्वेटर सूटकेसमध्ये परत टाकला.

पैशांचं खरं सांगायचं तर दोन्ही कामांचा हिशेब सारखा नाही. आधी वर्षाला 2,650 घनमीटर गॅस लागायचा, आता 880 लागतो. विजेचे मात्र जवळपास 3,900 युनिट वाढले. दोन्ही धरून वर्षाला चारशेच्या आसपास डॉलर वाचतात, आणि त्यातला मोठा वाटा अ‍ॅटिकचा आणि फटींचा आहे. इथे गॅस स्वस्त आहे, आणि 1 एप्रिल 2025 पासून घरगुती गॅसवरचा केंद्राचा कार्बन आकार उठल्यावर तो आणखी स्वस्त झाला. हीट पंप आम्ही घेतला तो गॅस कमी जाळावा म्हणून, आणि आमचा एसी नाहीतरी मरणपंथाला लागला होता म्हणून. कुणी तुम्हाला तो पाच वर्षांत स्वतःची किंमत वसूल करतो असं सांगत असेल तर त्याला आकडे लिहून द्यायला सांगा.

आई-बाबा 2023 मध्ये परत गेले. पुढच्या वर्षी दिराने पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सोलर बसवायचं ठरवलं. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं म्हणून तीनच घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. बाबांनी त्याला अडवलं आणि स्वतःची वही काढली. त्या योजनेत आधी घर तपासून घेण्याची अट नाही, ती बाबांनी आपणहून घातली. घरातले पाच जुने पंखे 75 वॅटचे होते, ते बीएलडीसीचे 28 वॅटचे केले. वीस वर्षांच्या फ्रीजला मीटर लावून बघितलं आणि तो काढला. स्लॅबवर उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला, त्याने मे महिन्यात वरच्या खोलीतला रात्रीचा कूलर सुटला. मग बिलं बघितली तर दोन किलोवॅट पुरत होतं. अनुदान 60,000 च मिळालं, पण तिसऱ्या किलोवॅटचे स्वतःचे पैसेही घालावे लागले नाहीत. "तुमच्या त्या बाईंना सांग," बाबा फोनवर म्हणाले, "दोन टनांचं इथेही लागू पडलं."

ग्रँट फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या अर्जांसाठी बंद झाली, बिनव्याजी कर्जही ऑक्टोबर 2025 पासून बंद आहे. ऑन्टारिओत जानेवारी 2025 पासून प्रांताची स्वतःची योजना चालू आहे, 'होम रिनोव्हेशन सेव्हिंग्ज', खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत परतावा देणारी. आमच्या मागच्या गल्लीत पुण्याचं एक जोडपं नुकतंच राहायला आलंय, घर आमच्याच सालचं. परवा तिने विचारलं, खिडक्या कुठून केल्या तुम्ही? मी म्हटलं, केल्याच नाहीत. शनिवारी शिडी, टॉर्च, फूटपट्टी आणि उदबत्तीचा पुडा घेऊन त्यांच्याकडे गेले. कपाटातले कपडे पलंगावर टाकले, अ‍ॅटिकचं झाकण उचललं आणि पट्टी लोकरीत खुपसली. तिचा नवरा खालून शिडी धरून उभा होता. "किती?" त्याने विचारलं.

साडेतीन इंच.